खांब क्रमांक २०७/१४

घोरपडी यार्डात वाघीण उघडली तेव्हा
सील शाबूत होतं.
हे आधी लिहिलं, कारण फॉर्मवर तो रकाना आधी येतो.
मग मोजलं. छताचे पंखे,
चारशे खोक्यांऐवजी तीनशे एकोणसाठ.
दाराच्या बिजागरीचे रिव्हेट मात्र
कुणीतरी इतक्या हळुवार काढले होते
की झोपलेल्या पोराच्या मुठीतून खुळखुळा काढावा.

मी दावे विभागातला कारकून.
चोर शोधणं माझं काम नाही.
माल कुणाच्या हद्दीत गेला, तेवढंच.

लोणी सोडल्यावर मांजरीच्या अलीकडे
रुळाचं काम, गाडी वीसच्या वेगानं येते.
खांब दोनशे सात, चौदा. तिथे गवत दबलेलं.
सुरक्षा दलाचे मीणासाहेब म्हणाले,
माल आमच्या ताब्यातला, कबूल,
पण त्या रात्री माणसं चार आणि किलोमीटर पंचाहत्तर,
भागाकार तुम्हीच करा.
लोहमार्गचे जमादार लोंढे म्हणाले,
कुंपणाच्या आतलं आमचं.
गवत अल्याड दबलंय की पल्याड?
टेप घेऊन गेलो.
कुंपणच नव्हतं.
तेही कुणीतरी नेलेलं. त्याची फाईल वेगळी.
गावच्या ठाण्यात कुंजीर हवालदारांनी चहा पाजला.
रस्त्यावर आलं की आमचं, म्हणाले.
खोकं रस्त्यावर आलेलं पाहिलंय का कुणी?

तपकीर गल्लीतले संकलेचा दर सोमवारी यायचे.
पावतीमागची बारीक अक्षरं मी त्यांना वाचून दाखवायचो:
मालकाच्या जोखमीवर.
मग भाडं कसलं घेता, ते विचारायचे.
लेखी द्या, मी म्हणायचो.
त्यांनी लेखी दिलं.
मी फाईलला लावलं.

तीन महिन्यांनी आरोपी मिळाला.
हौसाबाई, वय अंदाजे पन्नास, धंदा भंगार वेचणे.
तिच्या झोपडीच्या झरोक्याला खोक्याचा पुठ्ठा.
पुठ्ठ्यावर पंख्याचं चित्र, एका कोपऱ्यात नंबर.
पंखा नाही. तिच्याकडे वीजच नाही.
कायदा म्हणतो,
वस्तू कशी आली ते ज्याच्याकडे सापडली त्यानं सांगावं.
ती म्हणाली, वाऱ्यानं.
साहेब हसले. मीही हसलो.

परवा, एप्रिलच्या उकाड्यात,
घरातला पंखा घरघरायला लागला
म्हणून तेलाची कुपी घेऊन स्टुलावर चढलो.
दिवाळीच्या आधी जुन्या बाजारातून आणलेला,
निम्म्या किमतीत, पावतीशिवाय.
वरची वाटी सरकवली.
आत, जिथे कुणी बघत नाही, अनुक्रमांक.

एकेचाळीस नंबर मला पाठ आहेत.
लहानपणी तेवीसचा पाढा झाला नव्हता, पण हे झाले.
हा सव्विसावा.

सापडलं का, सुलभानं खालून विचारलं,
दोन्ही हातांनी स्टूल धरून.
तिला तेल घालायचं भोक म्हणायचं होतं.

एकवीस वर्षं मी लोकांकडे पावत्या मागतोय.
त्या माणसाकडे नाही मागितली.
त्याचा चेहराही आठवत नाही, फक्त
सुट्टे नाहीत म्हणून त्यानं वीस रुपये सोडले, ते आठवतं
आणि मला किती बरं वाटलं होतं, तेही.

बावीस तारखेला हौसाबाईचा खटला.
मला साक्षीला बोलावलंय,
पुठ्ठ्यावरचा नंबर ओळखायला.

रात्री पंखा लावत नाही.
सुलभा पेपरच्या घडीनं वारा घेते.
बिघडलाय का हो?
मी म्हणतो, चौकशी चालू आहे.
ती पेपर माझ्याकडे वळवते,
थोडा वारा मलाही लागतो,
आणि यार्डाच्या बाजूला कुठलीशी मालगाडी
हळू होत होत
थांबते.